पदकाच्या कडेवरचा नंबर

माझ्या आजीचा थोरला भाऊ वरळी कोळीवाड्यातून नेव्हीत गेला, तो परत आलाच नाही. "जर्मनच्या लराईन गेला गो," एवढंच आजी सांगायची. फोटो नाही, पत्र नाही. देव्हाऱ्याखालच्या खणात, फडक्यात बांधलेली तीन पदकं तेवढी होती: दोन सहा टोकांचे तारे आणि एक गोल पदक. त्याच्या एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा सिंह.

दुसऱ्या महायुद्धाची ही पदकं ब्रिटिश सैनिकांना नाव न घालता दिली गेली. हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र नंबर आणि नाव ठोकलेलं असे. हे वाचलं त्याच संध्याकाळी मी गोल पदकाच्या कडेला रांगोळी चोळली आणि बोटाने हलकेच पुसली. खाचांत पांढरं राहिलं. आधी नंबर, मग कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं नाव, मग हुद्दा, शेवटी आर. आय. एन., म्हणजे रॉयल इंडियन नेव्ही. ताऱ्यांच्या पाठीवरही तेच.

सगळा शोध त्या नंबरावर उभा राहिला. आमच्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवतात. एकाच नावाची माणसं गल्लोगल्ली सापडतात, त्यात इंग्रजी स्पेलिंग दर कागदावर वेगळं. नंबर मात्र एका माणसाचा एकच.

दोन ताऱ्यांपैकी एक होता बर्मा स्टार. म्हणजे जर्मनी नव्हे, बंगालचा उपसागर. नौदलाच्या खलाशांचं दफ्तर मानखुर्दला आहे. तिथून आलेल्या सेवापत्रकाच्या प्रतीत तो लँडिंग क्राफ्टवर असल्याची नोंद होती.

जानेवारी 1945मध्ये बर्मातल्या आराकानच्या किनाऱ्यावर म्येबॉन आणि कांगॉ इथे जपान्यांविरुद्ध सैन्य उतरवलं गेलं. 'नर्मदा' आणि 'जमना' या आपल्या युद्धनौका तोफा डागत होत्या आणि सपाट बुडाच्या होड्या तिवरांतल्या अरुंद खाड्यांतून आत शिरत होत्या. नकाशा पाहिला आणि मला भरून आलं. चिखल, तिवरं, भरतीला भरणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी खाडी. हे पाणी वाचायला त्याला कुणी शिकवावं लागलं नसणार.

समुद्रातच राहिलेल्यांच्या नावांचं पुस्तक मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. नौदलातले सुमारे 400 आणि व्यापारी जहाजांवरचे जवळजवळ 6,000. त्यात तो सापडला: तोच नंबर, बापाचं नाव, वरळी, आणि त्याच जानेवारीतली तारीख. तारीख हाती आल्यावर बाबांनी पहिल्यांदा शके 1866चं पंचांग मिळवायची घाई केली. तिथी ठाऊक नसल्यामुळे इतकी वर्षं त्याचं पान सर्वपित्री अमावास्येलाच वाढलं जात होतं. माझ्या दृष्टीने साऱ्या शोधातून मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट ती तिथीच.

त्या 6,000 जणांचं मला फार वाटतं. बॉयलरपाशी राबणारे आगवाले, झाडलोट करणारे टोपाज, स्वयंपाकी भंडारी, सुकाणी. त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी पदक पोचलंही नसेल. पण पत्र्याच्या नळीत जपलेला जहाजाचा दाखला एखाद्या पेटीत अजून असू शकतो, आणि त्यावरही नंबर असतो. घरात असं काही असेल तर भंगारात देऊ नका. पदक असेल तर चकचकीत करायला ब्रासोने घासू नका. आधी कडेवरची अक्षरं वहीत उतरवून घ्या.