डाव्या पायाला सुट्टी

ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून पाय दुखतो म्हणून तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऑटोमॅटिक घेतली असेल. माझ्या आजोबांनी ती १९७६ मध्ये घेतली. तीही लातुरात! शेवरोले इंपाला, १९६५ चं मॉडेल. त्या काळी दूतावासांच्या जुन्या परदेशी गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या. त्यातलीच ही एक, दोन मालक बदलून गंजगोलाईजवळच्या आमच्या आडतीपुढे येऊन थांबली. गावाला वाटलं, शेटजींना तुरीत पैसा झाला. खरं कारण वेगळंच होतं. बाबांना लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायात जोर नाही. फियाट घ्या नाहीतर ॲम्बेसेडर, क्लचला डावा पाय हवाच. इंपालाला क्लचचं पेडलच नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढचे आठ-दहा दिवस बाबा भाकऱ्या, पाणी, ब्लँकेटं भरून लातूर-किल्लारी फेऱ्या मारत होते. त्याच फेऱ्यांमध्ये गिअरबॉक्स स्लिप मारायला लागला. म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडणार आणि गाडी मात्र रमतगमत जाणार. शेवटी ती शेडमध्ये गेली आणि तिच्याबरोबर बाबांचं ड्रायव्हिंगही. २०१४ मध्ये सेलेरिओ आली, स्वस्तातली ऑटोमॅटिक मिळाली, तेव्हा कुठे ते परत स्टिअरिंगवर बसले. मधली एकवीस वर्षं ते शेजारच्या सीटवर होते. आणि शेजारच्या सीटवरचे बाबा फार सूचना करतात, आईला विचारा!

२०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षं झालेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची नंबर प्लेट मिळते, पण इंजिन, चॅसी, बॉडीत मोठा बदल केलेला नको. बाबांनी लगेच शेडचं कुलूप काढलं. लातुरात जो तो सांगे, ‘मालक, डिझेल इंजिन बसवू, मॅन्युअल बॉक्स टाकू, मस्त ॲव्हरेज देईल.’ देशभरात अशा कितीतरी इंपाला डिझेलवर धुरकटत संपल्या. पण मॅन्युअल बॉक्स टाकला तर ती चालवणार कोण?

एका ट्रकवाल्यानं नांदेडच्या उस्तादांचं नाव सुचवलं. त्यांची हयात ट्रकचे गिअरबॉक्स उघडण्यात गेलेली, ऑटोमॅटिक मात्र एकही नाही. तरी ‘हौ, करू की’ म्हणाले. बॉक्स पिकअपमध्ये टाकून अहमदपूर, लोहा करत आम्ही नांदेड गाठलं. तेल काढलं. हे तेल लालभडक असायला हवं. आमचं काळपट तपकिरी, वर करपल्याचा वास. उस्तादांनी ते बोटावर चोळलं, हुंगलं आणि म्हणाले, ‘बेटा, इसमें दांते का कम, तेल का खेल जादा.’

सर्व्हिस मॅन्युअलचे प्रिंटआउट मी वाचून दाखवायचे. या बॉक्सचं नाव पॉवरग्लाइड, पुढे जायला गिअर फक्त दोन. पहिल्यासाठी एक पोलादी पट्टा ड्रमला करकचून आवळतो. दुसऱ्यासाठी पट्टा सुटतो आणि चकत्यांचा क्लच दाबला जातो. दोन्ही कामं तेलाच्या प्रेशरवर. तीस वर्षांत रबरी सील दगड झाले होते. प्रेशर गळालं की चकत्या घसरतात, घसरल्या की जळतात, आणि जळकं चूर्ण तेलातून फिरून व्हॉल्व्ह तुंबवतं.

पार्ट मिळणार नाहीत अशी माझी खात्री होती. पण अमेरिकेत ड्रॅग रेसिंगवाले हाच दोन गिअरचा बॉक्स आजही वापरतात, त्यामुळे सील, चकत्या, पट्टा, सगळं नवं बनतं. जय हो रेसिंगवाले!

मग उस्तादांनी गॅरेजमध्ये कॉटन वेस्टला बंदी घातली. सुताचा एक धागा व्हॉल्व्हमध्ये अडकला तरी गिअर पडणार नाही. ज्या नांदेडात उस्मानशाही मिल होती, तिथे सुताला बंदी! नव्या चकत्या आधी तेलात भिजत घालायच्या. सील बसवताना ग्रीस चालत नाही, ते या तेलात विरघळत नाही. व्हॅसलीन लागतं. ते आईच्या ड्रेसिंग टेबलवरून गेलं. अंदाजानं काम करणारा माणूस फीलर गेज घेऊन तीन-तीनदा फट मोजत होता. पंपाच्या दातात टॉर्क कन्व्हर्टर पूर्ण बसल्याशिवाय बोल्ट आवळायचा नाही, नाहीतर पंपच फुटतो. ते बॉक्स गाडीत चढवताना, म्हणून उस्ताद स्वतः लातूरला आले. तो एकच जोड बसवायला त्यांनी अख्खी दुपार घेतली. बाबा शेजारी स्टूल टाकून गप्प बसले होते. इतके गप्प मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी रिव्हर्स पडला, पुढचा पडेना. पट्ट्याचा स्क्रू परत आवळून मोजून मागे घेतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी औसा रोडला बाबांनी लिव्हर ‘डी’वर टाकला. गाडी निघाली, वेग वाढला, आणि एका क्षणी इंजिनाचा आवाज खाली बसला. दुसरा गिअर पडला होता. मागच्या सीटवरून उस्ताद ओरडले, ‘पकड लिया!’ बाबांनी काहीच म्हटलं नाही, फक्त डावा पाय सीटखाली आणखी आत ओढून घेतला.

‘व्हीए’ प्लेटचे कागद भरलेत. या प्लेटवर गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि मेंटेनन्स, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. बाबांनी नियम नीट वाचलाय. आत्तापासूनच त्यांना दर रविवारी सकाळी सहाला काहीतरी मेंटेनन्स आठवतं.