वीजबिल कोळशात वाचताना

माझं माहेर चंद्रपूरचं. घुग्घुस, बल्लारपूर, दुर्गापूर ही आमच्याकडे गावांची नावं, तशीच कोळसाखाणींचीही. शेजारीच 2920 मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र. पुण्यात आल्यावर विजेबद्दल बोलताना कोळशाचं नाव कुणाच्या तोंडी ऐकलं नाही. त्यामुळे घराचं कार्बन उत्सर्जन मोजायचं ठरवलं, तेव्हा मी आधी वीजबिलच पुढ्यात घेतलं.

गणित सोपं आहे. आपल्या देशात एका युनिट विजेमागे सरासरी सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. उन्हाळ्यात आमचं बिल अडीचशे युनिटच्या आसपास येतं, म्हणजे महिन्याला पावणेदोनशे किलो. 14.2 किलोचा गॅस सिलिंडर पूर्ण जळाला की साधारण 42 किलो. स्कूटरच्या पेट्रोलचे लिटरमागे 2.3 किलो. घरात आम्ही एवढी वर्षं प्लास्टिकच्या पिशव्यांवरून वाद घालत होतो; खरा वाटा मीटरमधून जात होता.

सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते अंघोळीच्या पाण्याने. हिवाळ्यातलं 20 अंशांचं बादलीभर पाणी 45 अंशांवर न्यायला जवळपास अर्धा युनिट वीज लागते. ती कोळशावरच्या केंद्रातून आली असेल, तर एका बादलीमागे तिकडे पाव किलोहून जास्त कोळसा जळतो. कोळसा जाळून वाफ, वाफेवर टर्बाइन, त्यातून वीज, आणि त्या विजेने पुन्हा पाणी तापवायचं! या फेऱ्यात कोळशातली निम्म्याहून जास्त उष्णता वायाच जाते. तेच पाणी गॅसच्या शेगडीवर तापवलं तरी उत्सर्जन कमी होतं, हे मी आकडे पुन्हापुन्हा ताडून पाहिलं तेव्हा पटलं. (गॅस गीझर मात्र बंद न्हाणीघरात जिवावर बेततो, म्हणून तो आम्ही घेतला नाही.) शेवटी गच्चीवर सौर बंब बसवून घेतला. पावसाळ्यात त्याला मर्यादा येतात. सासूबाईंना बारा महिने कढत पाणी लागतं, आणि त्यांच्या पाण्यात मी काटकसर करणार नाही. वयस्कर माणसांच्या सोयीत हात घालून वाचवलेला कार्बन मला नको.

पंख्यांचं काम सोपं निघालं. जुना पंखा 75 वॅटचा, नवा बीएलडीसी तीसेक वॅटचा, वारा तेवढाच. धुणं आणि इस्त्री आता दुपारी करते, कारण तेव्हा वीजजाळ्यात सौर वीज जास्त असते.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. पुण्याहून दिल्लीला विमानाने जाऊन-येऊन माणशी दोनशे किलोहून जास्त उत्सर्जन होतं. पंख्यांनी महिनोन्‌महिने वाचवलेलं एका लग्नाच्या आमंत्रणात जातं. जमेल तेव्हा आम्ही रेल्वेने जातो.

पण एका घराची धाव कुठवर? आमच्या इमारतीची लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे सगळ्यांच्या नावावर चालतात. मी सभेत गच्चीवरच्या सौर पॅनेलचा विषय काढला, तेव्हा एक काका म्हणाले, "वहिनी, पैसे किती वर्षांत वसूल होतील तेवढं सांगा." प्रश्न रास्त होता. एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देतं. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. हे आकडे मांडल्यावर चर्चा पुढे सरकली. पर्यावरणाची कळकळ असलेल्या माणसाने हिशेबाची वही घेऊनच सभेला जावं, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या बिलावरच्या युनिटना सातने गुणा, दहाने भागा. आलेला आकडा तुमच्या विजेच्या कार्बनचा, किलोमध्ये. तो घेऊन पुढच्या सर्वसाधारण सभेला जा आणि गच्चीचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला लावा.