पंधरा मिनिटं पुढे

आमच्या होस्टेलमध्ये 'फॉरेन' या शब्दाचे दोनच अर्थ आहेत. एक एम.एस. आणि दुसरा ऑनसाइट. थर्ड इयर लागलं की एकेकीच्या टेबलावर जीआरईचं जाडजूड पुस्तक दिसायला लागतं आणि रात्री दोन वाजता मॅगी खाताना डॉलरच्या गप्पा रंगतात. नवरा-बायको दोघंही नोकरी बाजूला ठेवून, काहीही न कमावता, वर्षभर परदेशात राहायला गेले असं सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, "का? कंपनीने काढलं का?"

अगदी हाच प्रश्न आमच्या समस्त नातेवाइकांनी माझ्या मावशी-काकांना विचारला! काका पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, मावशी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवते, मावसभाऊ माझ्यासारखाच होस्टेलवर. दोघांनी वर्षाची बिनपगारी रजा घेतली, फ्लॅट भाड्याने दिला आणि जानेवारी २०२५ मध्ये चक्क नेपाळला, पोखराला राहायला गेले. "अहो, नेपाळ म्हणजे काय फॉरेन का?" हा दुसरा प्रश्न.

अशा रजेला सबॅटिकल म्हणतात. आमच्या सर-मॅडमना शब्द ओळखीचा आहे. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मला त्याचं मूळ आधी बायबलमध्ये भेटलं. सहा वर्षं पेरणी करायची आणि सातव्या वर्षी शेत मोकळं ठेवायचं, असा ज्यू लोकांचा नियम होता. हार्वर्ड विद्यापीठाने १८८० मध्ये प्राध्यापकांना अशी रजा द्यायला सुरुवात केली. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात काय एवढं? तुझे आजोबासुद्धा रान पड टाकायचे." झालं! माझ्या बायबलची आणि हार्वर्डची हवा एका वाक्यात गेली.

आता नेपाळच का? काकांनी आपल्यासारखंच एलिमिनेशनने उत्तर काढलं. युरोपात शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत फक्त ९० दिवस राहता येतं. इतर ठिकाणी लांब मुक्कामाचा व्हिसा हवा तर बँकेत भरपूर पैसे किंवा तिकडची नोकरी दाखवा. नेपाळला भारतीयांना व्हिसाच लागत नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारात एकमेकांच्या नागरिकांना राहण्याची मुभा आहे. आपले शंभर रुपये म्हणजे तिथले एकशे साठ. हा दर १९९३ पासून तसाच आहे. पाट्या देवनागरीत, त्यामुळे पहिल्या दिवशीच मावशीने 'विद्युत प्राधिकरण' वाचून काढलं. तरी परदेश तो परदेशच. आठवड्याची सुट्टी शनिवारी, एप्रिलमध्ये २०८२ साल लागलं, आणि घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. मावशी फोनवर रोज म्हणायची, "मी तुमच्या भविष्यातून बोलतेय!"

पण खरं कारण व्हिसाचं नव्हतंच. ते समजायला २००४ मध्ये जावं लागतं. तेव्हा काकांना एच-वनबी मिळाला आणि दोघं न्यूजर्सीला गेले. मावशीने लागलेली लेक्चररची नोकरी सोडली. तिच्या पासपोर्टवर एच-फोर, म्हणजे डिपेंडंट. या व्हिसावर तेव्हा नोकरी करताच येत नसे. २०१५ पासून काही एच-फोरवाल्यांना ती परवानगी मिळायला लागली, पण मावशी २००८ मध्येच परत आली होती. चार वर्षं एक डिस्टिंक्शनवाली इलेक्ट्रिकल इंजिनिअर दुसऱ्याच्या कागदावर 'अवलंबून' म्हणून राहिली. याबद्दल तिने कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा मला म्हणाली, "नायगारा पाहिला गं. पण मी तिथे कोण होते ते मला कोणाला सांगता यायचं नाही."

म्हणून या वेळी जायचं ते कोणीच कोणावर अवलंबून नसेल असं. मावशीला डिप्लोमाच्या मुलांसाठी इलेक्ट्रिकल मशिन्सचं मराठीत पुस्तक लिहायचं होतं. मराठी मीडियमची मुलं पहिल्याच सेमिस्टरला इंग्रजीला घाबरतात आणि विषय येत असून केटी लागते, हे ती वर्षानुवर्षं बघत आली. पुण्यात सकाळी दूधवाला, दुपारी कुरिअर, संध्याकाळी पाहुणे. पोखराला फेवा तालाजवळ दोन खोल्या घेतल्या. मावशी सकाळी लिहायची, काका भाजी आणायचे, स्वयंपाक करायचे. ढग नसले की खिडकीतून माछापुच्छ्रे दिसायचा. ट्रान्सफॉर्मर झाला, डीसी मशिन झालं. ऑगस्टमध्ये इंडक्शन मोटरचा धडा सुरू झाला.

इथवर गोष्ट छान आहे. पण नाण्याला दुसरी बाजू होती, आणि ती नाशिकला आमच्या घरात होती.

आजी एरवी मावशीकडे असते. त्या वर्षी ती आमच्याकडे आली. आई शाळेत शिक्षिका. सकाळी डबे, दिवसभर शाळा, संध्याकाळी आजीचं औषधपाणी. सगळ्यांसमोर ती मावशीचं कौतुक करायची, पण एकदा भांडी आवरताना म्हणालीच, "त्यांची सुट्टी आणि माझी ड्यूटी." मला ते फार लागलं, कारण ते खरं होतं. दोघांच्या सबॅटिकलला तिसऱ्या माणसाची ओव्हरटाइम लागते.

सप्टेंबर २०२५ मध्ये, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, आजी मोरीत घसरली आणि उजवं मनगट मोडलं. नेपाळ सरकारने नुकतीच व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूबसह २६ माध्यमांवर बंदी घातली होती. आईने साधा आयएसडी कॉल लावला. दुसऱ्याच दिवसापासून तिथे तरुणांचं आंदोलन पेटलं, अनेक जण गेले, ९ सप्टेंबरला पंतप्रधानांनी राजीनामा दिला. पोखरामध्येही जाळपोळ झाली. इकडे प्लास्टरमधली आजी, तिकडे ते दोघं. आईने दोन रात्री टीव्हीसमोर काढल्या. तिच्या रजाही संपत आल्या होत्या.

वातावरण निवळल्यावर मावशीने बॅग भरायला घेतली. आई आजारी, म्हणजे लेकीने जायचं, यात विचार करण्यासारखं तिला काही वाटलं नाही. काका म्हणाले, "तू लिही. या खेपेला मी जातो."

आणि ते खरंच आले. सुनौलीची बॉर्डर ओलांडून, गोरखपूरहून रेल्वेने नाशिक रोडला. पाच आठवडे राहिले. आजीची पंचाईत बघण्यासारखी होती. "जावयाला वाढायचं असतं, त्याच्याकडून वाढून घ्यायचं नसतं!" पहिले दोन दिवस ती आई शाळेतून येईपर्यंत नुसत्या चहावर राहिली. तिसऱ्या दिवशी काकांनी वरणभात कालवून ताट समोर ठेवलं, चमचा तिच्या डाव्या हातात दिला आणि स्वतः पेपर घेऊन पाठ करून बसले. आजी जेवली. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा ती त्यांना मीठ कमी पडल्याचं बिनधास्त सांगत होती!

मावशी तेवढे दिवस पोखराला एकटी होती. तिच्या आयुष्यात एकटीने राहण्याचे ते पहिलेच पाच आठवडे. इंडक्शन मोटर तेव्हाच पूर्ण झाली. "जोडीने परदेशात राहायला गेले आणि शेवटी वेगवेगळे राहिले," असं नातेवाइक अजून हसून सांगतात. मला मात्र वाटतं की त्यांचं जोडीने जाणं खरं त्याच पाच आठवड्यांत झालं. तळ्याकाठी हातात हात घालून फिरणं कोणालाही जमेल. एकीच्या इंडक्शन मोटरसाठी दुसऱ्याने वरणभात कालवणं, यासाठी मात्र एकवीस वर्षांचा जुना हिशेब लक्षात असावा लागतो.

आईचा हिशेब अजून पुरता फिटलेला नाही. जानेवारीत दोघं परत आले, आजी पुण्याला गेली, पण आईच्या खर्ची पडलेल्या रजा काही परत येत नाहीत. मावशीने तिला सांगितलंय, "आता तुझं वर्ष." आई नुसती हसते. तिला कुठे जायचंय हे आम्ही तिला आजवर कधी विचारलेलंच नव्हतं. आता विचारतोय. अजून तिने उत्तर दिलेलं नाही.

आपल्या कॅम्पसवरही बऱ्याच जोड्या आहेत. (नावं घेत नाही, घाबरू नका!) सगळ्यांचे प्लॅन्स तयार आहेत, दोघांनी मिळून अमुक देश, तमुक युनिव्हर्सिटी. माझा त्यांना एकच प्रश्न असतो. घरून फोन आला तर परत कोण येणार? बहुतेक जण म्हणतात, "बघू तेव्हा." 'बघू तेव्हा' म्हणजे ते आधीच ठरलेलं असतं, आणि परत येणारी बहुतेक वेळा मुलगीच असते.