हनुवटी

माणसाला आपल्या हनुवटीची आठवण दोनच वेळा होते. एक दाढी करताना, आणि दुसरी, काळजी करीत बसल्यावर तिला हाताचा टेकू द्यायचा असतो तेव्हा. एरवी डोळ्यांवर कविता होतात, नाकाची तारीफ होते, कपाळाला गंध तरी मिळते. हनुवटी बिचारी साऱ्यांच्या तळाशी पडून असते. मीही पासष्ट वर्षे तिच्याकडे ढुंकून पाहिले नव्हते. गेल्या दोन वर्षांत मात्र आमचा चांगलाच परिचय झाला, आणि तो करून दिला बांबूच्या दोन नळ्यांनी.

आधी माझी पात्रता सांगून टाकतो. मी वादक नव्हे. जाफराबादेत शाळामास्तर होतो आणि इथेच निवृत्त झालो. केळणा आणि धामणा या दोन नद्यांचा संगम आमच्या गावाशी आहे. त्याच्या काठी गुराख्यांच्या पोरांबरोबर हातभर लांबीचा पावा फुंकण्यात माझे बालपण गेले. पावा हे वाद्य मोठे दिलदार! ओठाला लावा, फुंका, वाजते. तोंडाचा आकार, ओठांची ठेवण असल्या चौकशा ते करीत नाही.

पुढे नोकरीत स्थिरावल्यावर एका रात्री रेडिओवर पन्नालाल घोषांचे ध्वनिमुद्रण ऐकले आणि माझा हा समज कोसळला. हा माणूस १९११ साली बारीसालला जन्मला, १९४० साली मुंबईत आला आणि १९६० साली गेलाही. म्हणजे मी त्याला प्रत्यक्ष ऐकणे शक्यच नव्हते. पण त्या मंद्र सप्तकात असे काही होते, की बासरी ही पोरांची वस्तू नव्हे हे मला तेव्हाच कळले. ख्यालाचा संथ आलाप आखूड बासरीत मावेना, म्हणून त्यांनी तिची लांबी वाढवीत वाढवीत बत्तीस इंचांपर्यंत नेली आणि सहा भोकांना सातव्याची जोड दिली. अशी बासरी करायची तर मुळात बांबूची एवढी लांब पेरे हवीत, मध्ये गाठ नको. तसला बांबू आसामकडून येतो.

दोन पगार साठवून पुण्याहून मी तशीच एक मोठी बासरी आणली. पहिले दीड महिना तिने मला नुसता वारा दिला. सौभाग्यवती म्हणाली, "एवढी फुंकर चुलीला घातली असती तर पाच-पंचवीस भाकरी झाल्या असत्या." खरेच होते ते. पाव्याच्या सवयीने मी ओठ आवळून, जोर लावून फुंकत होतो. आणि मोठ्या बासरीला जोर मुळीच चालत नाही. खालचा ओठ मुखरंध्राच्या तिसऱ्या हिश्शावर अलगद टेकवावा, ओठांची फट जराशी रुंद ठेवावी, तोंडाची पोकळी आतून मोठी करावी आणि श्वास सावकाश, गरम दुधावर फुंकर घालावी तसा सोडावा, तेव्हा कुठे मंद्रातला स्वर जागा होतो. वर तार सप्तकात जायचे असले तर ओठ थोडे पुढे येतात, फट बारीक होते. हे मला कोणी शिकवले नाही. धडपडत सापडले, आणि सापडले कसे ते न कळताच तोंडाला त्याची सवय होऊन गेली. पस्तीस वर्षे रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर अर्धा तास मी ओट्यावर वाजवीत आलो. गावात कोणी त्याची वाहवा केली नाही, पण एखाद्या दिवशी खाडा झाला तर शेजारचे विचारीत, "मास्तर, आज बरं नाही का?"

दोन वर्षांमागे श्रावणातल्या एका सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळाले. आरशात पाहिले तर अर्धा चेहरा माझा होता आणि अर्धा कुणा परक्याचा. डावा डोळा मिटेना. सौभाग्यवतीने "वारं लागलं" म्हणून शेक द्यायला घेतला. पण मुलीने फोनवरून असा काही आवाज चढवला की दुपारच्या आत आम्ही जालन्याच्या गाडीत होतो. डॉक्टरांनी पहिली गोष्ट विचारली ती मजेची: "कपाळाला आठ्या घाला पाहू." डाव्या बाजूला आठी पडेना, तेव्हा ते किंचित हसले. मेंदूतला झटका असता तर कपाळ बहुधा हलते. सारी बाजूच लुळी पडली म्हणजे चेहऱ्याच्या नसेला सूज, असा त्यांचा हिशेब. पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या तर बहुतेकांचा चेहरा पूर्ववत होतो, हेही त्यांनी सांगितले. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांतली ही सातवी. माझ्या बासरीचे सातवे भोक आणि चेहऱ्याची सातवी नस! पण त्या दिवशी हा विनोद सुचण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

तीन महिन्यांत डोळा मिटू लागला, हसणे जवळजवळ सरळ झाले. राहिली ती डाव्या ओठाच्या कोपऱ्यातली एवढीशी ढिलाई. लोकांच्या ती लक्षातही येत नाही. बासरीच्या मात्र पहिल्याच फुंकरीला आली. निम्मा श्वास त्या कोपऱ्यातून फस्सदिशी निसटायचा. मी ओठ आवळले, गाल आवळला, मान आवळली, नुसती हवा! महिनाभर झगडून एका संध्याकाळी मी बासरी गवसणीत घालून फडताळावर ठेवून दिली. शेजारच्यांनीही आता विचारायचे सोडले होते. सौभाग्यवती एका शब्दाने काही बोलली नाही, आणि तिचे ते न बोलणेच मला जड गेले.

गेल्या दिवाळीला मुलगी आणि जावई तोकियोहून आले. फराळाच्या डब्यांच्या गर्दीत मुलीने एक लांब पिशवी माझ्यापुढे ठेवली. आत शाकुहाची होती. हा जपानी बांबूचा वेणू. आपल्या बासरीला गाठ चालत नाही. हिला मुळाजवळचा गाठाळ बुंधा हवा. आपली आडवी, ही उभी. भोके पाच, चार पुढे आणि एक मागे अंगठ्याला. शाकु म्हणजे तिकडचा फूट आणि हाची म्हणजे आठ. एक शाकु आठ सुन, म्हणजे साडेचोपन्न सेंटिमीटर, ही तिची नेहमीची लांबी. मुलीने आणलेली होती दोन शाकु चारची, चांगली एकोणतीस इंच! फुके पंथाचे झेन भिक्षू डोक्यावर वेताच्या टोपलीसारखी टोपी घालून, चेहरा झाकून ही वाजवीत हिंडत असत. १८७१ साली सरकारने तो पंथच बंद केला, वाद्य मात्र टिकले. (चेहरा झाकणारी ती टोपी वर्षभरापूर्वी मला मोठी सोयीची झाली असती.) १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरच्या संगीताची जी तबकडी अवकाशात गेली, तिच्यात आमच्या केसरबाई केरकरांच्या भैरवीसोबत यामागुची गोरो यांची शाकुहाचीही आहे.

"अण्णा, वाजवून बघा," मुलगी म्हणाली.

"माझ्यानं आपली बासरी वाजेना, ही काय वाजणार?"

"म्हणून तर आणली."

ती तिथे एका बाईंकडे वर्षभर ही शिकत होती. तिने नळीचे वरचे टोक माझ्या ओठाखालच्या खळग्यात टेकवले. नळीचे तोंड वरून उघडेच असते. मागची कड हनुवटीवर टेकते, खालचा ओठ बरेचसे तोंड झाकतो आणि श्वास समोरच्या तिरप्या कापलेल्या धारेवर पडावा लागतो. मी सवयीने ओठ आवळले. नळी हनुवटीवरून सरकली. पुन्हा टेकवली, पुन्हा सरकली. मुलीने आरसा आणून पुढे धरला. ओठ आवळताच माझी हनुवटी सुकलेल्या बटाट्यासारखी गोळा होत होती! कोपरा सावरण्याच्या नादात मी तिला वेठीला धरले होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. आडव्या बासरीत हे खपून जाते. इथे नळी हनुवटीवरच उभी असते. ती आक्रसली की सगळे गडगडते.

मुलीने माझ्या हनुवटीवर बोट ठेवले. "इथं ढिलं सोडा. दातात दात नको. जबडा खाली. मोठ्या नळीला तर आणखीनच खाली."

शाकुहाचीत स्वर उतरवायला हनुवटी खाली घेतात, त्याला मेरी म्हणतात. वर उचलली की कारी. नुसत्या या हालचालीने स्वर वरखाली होतो, बोटे हलवावी लागत नाहीत. मान हलवायला शिकण्यातच तीन वर्षे जातात, अशी तिकडे म्हण आहे. माझ्याकडे मुलीची सुट्टी होती बारा दिवसांची. नवव्या दिवशी त्या नळीतून दूरवरच्या घुबडासारखे काहीतरी हूंऽ झाले. त्याला स्वर म्हणणे धाडसाचे होईल. पण हवा कोपऱ्यातून गेली नव्हती. जबडा सोडल्यावर ओठांना ताण उरला नव्हता. आणि ताणच नाही तर ढिला कोपरा तरी उघडणार कशाने?

त्याच रात्री फडताळावरची बासरी काढली. मुखरंध्र नेहमीच्या जागेवरून अर्धे बोट उजवीकडे, शाबूत ओठाकडे सरकवले. साठी उलटल्यावर तोंडाला नवी जागा शिकवायची, हे काही सोपे नव्हे. हरिप्रसाद चौरसिया अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले तेव्हा त्यांनी बासरी धरायची बाजूच बदलली. नाव झालेले असताना, आपण होऊन! माझी बदली नशिबाने केली, आणि तीही अर्ध्या बोटाची. मग तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

मुले परत गेली. वर्षभर मी आरसा पुढे ठेवून बसलो. तार सप्तक अजून येत नाही, आणि येईलसे वाटतही नाही. तान घेतली की कोपरा दगा देतो. पण या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी, मी सहाही भोके झाकली, जबडा सोडला, बासरी किंचित बाहेर वळवली, आणि मंद्र पंचम आला. पूर्वीसारखा रुंद, कडेला जरा घोगरा.

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला. सौभाग्यवती पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली.

"अहो, परत एकदा वाजवा. कढईच्या आवाजात नीट ऐकू नाही आलं."

मी फुंकले; नुसता वारा. पुन्हा फुंकले, पुन्हा वाराच.

"काहून इतका जीव काढता? दमानं घ्या," ती म्हणाली, आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

तिसऱ्या वेळी पंचम लागला. तो संपेपर्यंत ती हलली नाही. त्या घाण्यातल्या चकल्या चांगल्याच काळवंडल्या. त्या पाहुण्यांपुढे न ठेवता आम्ही दोघांनीच खाल्ल्या.