सर्व्हरला पाणी देणारे हात

आपल्या मोहल्ल्यात एक समज पक्का बसलेला आहे. कॉम्प्युटर म्हणजे डोक्याचं, इज्जतीचं काम आणि पाइप, पंप, पाना म्हणजे शिक्षण अर्धवट राहिलेल्यांचं काम. दहावीचा निकाल लागला की पालक मला सांगतात, “मॅडम, पोराला कॉम्प्युटरमध्ये टाकायचंय. बापासारखं पाना घेऊन फिरायला नको.” मी भाषा शिकवते, यंत्रं नाही. तरीही या समजाबद्दल लिहावंसं वाटतं, कारण आज जगातले सगळ्यात मोठे कॉम्प्युटर पाइप आणि पंपावरच येऊन थांबले आहेत.

त्यासाठी दूर जायला नको. आपल्या पुण्यातच पाषाणला आयसर या संस्थेत ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक 2019 पासून आहे. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनखाली सी-डॅकने तो उभारला. त्याच्या चिपा पाण्याच्या मदतीने थंड ठेवल्या जातात. म्हणजे ज्या पाण्याचा थेंब कीबोर्डवर पडला तर आपण ओरडतो, तेच पाणी तिथे मुद्दाम चिपेच्या अगदी जवळ नेलेलं आहे.

असं का करावं लागतं? चिपेने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. पूर्वी पंख्याने भागत असे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरली जाणारी एकच चिप 700 वॉट खाते, आणि अशा चिपांनी भरलेलं एक कपाट 100 किलोवॉटच्या पुढे जातं. हिशेब साधा आहे. 1 किलोवॉट उष्णता 10 अंशांच्या फरकाने वाहून न्यायची तर मिनिटाला सुमारे 5,000 लिटर हवा लागते. पाणी मात्र दीड लिटरसुद्धा पुरतं.

हे ज्ञान आपल्याला नवं नाही. औरंगाबादच्या पाणचक्कीला गेलेल्यांना तिथला हौज आठवत असेल. त्या हौजाचा तळ म्हणजे खालच्या प्रशस्त दालनाचं छत आहे. डोक्यावर पाणी असल्यामुळे उन्हाळ्यातही ते दालन गार राहतं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणारे यात्रेकरू तिथे विसावत. बांधणाऱ्या कारागिरांसमोरचा खरा प्रश्न पाणी वर नेण्यापुरता नव्हता. ते वर्षानुवर्षं खाली गळू नये, हा खरा प्रश्न होता.

सर्व्हरचंही नेमकं तसंच आहे. थंड करणं सोपं, भरवशाने थंड करणं अवघड. चिपेवर तांब्याची एक पट्टी घट्ट बसवलेली असते. तिच्या आत केसाइतक्या बारीक नाल्या असतात आणि त्यांतून द्रव वाहतो. कचऱ्याचा एक कण अडकला तरी ती चिप तापू लागते. पाइपलाइनमध्ये तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की गंज सुरू होतो. पाणी नुसतंच ठेवलं तर त्यात शेवाळ आणि जंतू वाढतात. म्हणून शुद्ध पाण्यात ग्लायकॉल आणि गंजरोधक मिसळतात, आणि त्या मिश्रणाची ठरावीक काळाने तपासणी करतात.

दुसरी भीती घामाची. पावसाळ्यात थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब सुटतात, तसे पाइपलाही सुटू शकतात, आणि खाली लाखोंचं यंत्र असतं. त्यामुळे द्रव फार गार ठेवत नाहीत. खोलीतल्या दमट हवेचे थेंब धरणार नाहीत, इतपत तो कोमटच ठेवतात. शिवाय फेरे दोन असतात. आतला स्वच्छ द्रवाचा, बाहेरचा इमारतीच्या पाण्याचा. दोघांची भेट फक्त धातूच्या भिंतीआडून होते. एक पंप बंद पडला तर दुसरा तयार ठेवलेला असतो, आणि गळती ओळखणाऱ्या तारा पाइपांच्या खाली अंथरलेल्या असतात.

इथे पुणेकर विचारणारच, पाणी कुणाचं? खडकवासल्याच्या साखळीत शहराचा आणि शेतीचा वाटा ठरवताना दर उन्हाळ्यात ओढाताण होते. कोंढव्यासारख्या भागात टँकरची वाट पाहणाऱ्या घरांना हा प्रश्न शिकवावा लागत नाही. आतल्या फेऱ्यातला द्रव पुन्हा पुन्हा फिरतो, तो खर्च होत नाही. पाणी जातं ते बाहेर, कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन. 1 युनिट विजेची उष्णता फक्त बाष्पीभवनाने घालवायची तर सुमारे दीड लिटर पाणी उडतं. म्हणजे 100 किलोवॉटच्या एका कपाटाचे दिवसाला जवळपास 3,600 लिटर. आतला द्रव जितका कोमट चालेल तितकं टॉवरवाचून, नुसत्या बाहेरच्या हवेवर भागवता येतं. पण पुण्याच्या एप्रिलमध्ये हवाच 40 अंशांच्या घरात जाते, तेव्हा ही सोयही तोकडी पडते. वाहत्या पाण्याकाठी वजू करतानाही पाणी उधळू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. तीच कसोटी डेटा सेंटरलाही लावली पाहिजे. किती पाणी घेता, कुठलं घेता आणि सांडपाणी शुद्ध करून वापरता का, हे विचारण्याचा नागरिकांना हक्क आहे.

म्हणून यंत्रंच नकोत, असं मात्र मी म्हणणार नाही. पाषाणलाच आयआयटीएममध्ये 2024 पासून ‘अर्का’ नावाचा महासंगणक हवामान आणि हवामानबदलाच्या अभ्यासासाठी गणितं करतो. पाऊस कधी आणि किती, याचा अंदाज मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या पेरणीशी जोडलेला आहे. यंत्र तापून बंद पडलं, तर गणित तिथेच थांबतं.

आता पुन्हा त्या पान्याकडे वळू. ही नळी जोडणार कोण? सांधा किती आवळायचा, पंपाचा आवाज बदलला म्हणजे आत काय बिघडलंय, हे कोण ओळखणार? 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने नोंदवलं होतं की मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगार करणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. ते वाचून आपण नेहमी हळहळतो. पण त्यात एक कमाईही आहे. रेडिएटर दुरुस्त करणारे, एसी मेकॅनिक, मशिदीच्या वजूखान्याची गळती तासाभरात काढून देणारे मिस्त्री आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हुनर आहे, फक्त त्याला कागद नाही. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा कोर्स दहावीनंतर करता येतो. त्याला थोडं रसायन, थोडं इंग्रजी आणि नोंदवही नीट लिहिण्याची सवय जोडली, तर तोच मुलगा सर्व्हरच्या खोलीत उभा राहू शकतो.

पालकांना म्हणूनच सांगते: पोराला कॉम्प्युटरमध्ये जरूर टाका. पण बापाच्या हातातला पाना लपवू नका. दुसऱ्याच्या घरातलं पाणी न गळता वाहतं ठेवणं ही अमानत आहे, आणि ती सांभाळण्याची सवय त्या पोराने बापाकडूनच घ्यायची आहे.