कडेवरचा साक्षीदार

मतदानकेंद्राचा उंबरठा ओलांडण्याची मुभा कोणकोणत्या इसमांना आहे, याची एक यादी १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत दिलेली आहे. आणि मतदान अधिकारी, कामावर रुजू असलेले सरकारी नोकर, उमेदवार व त्यांचे प्रतिनिधी अशा त्या रुक्ष, दप्तरी नामावळीत मतदाराच्या कडेवरचे मूलही कायद्याने सन्मानाने बसवून ठेवले आहे. पण या औदार्याला सीमा आहे. तेच मूल कडेवरून उतरून आपल्या पायांनी चालू लागले, की नियमाचे छत्र त्याच्या डोक्यावरून निघून जाते, आणि पुढे अठरा वर्षे पुरी होईपर्यंत (१९८९ पूर्वी तर एकवीस) त्या खोलीत त्याची नोंद नाही. मधल्या या दीर्घ काळात ते आत गेलेच, तर केवळ केंद्राध्यक्षांच्या मर्जीने जाते.

भोपाळचे महाराणा प्रताप नगर हे तर हे मधले वय नुकतेच ओलांडलेल्या मुलांवरच जगणारे नगर आहे. झोन एक आणि झोन दोन अशा त्याच्या दोन्ही भागांत शिकवणी वर्गांच्या पाट्या एकीवर एक चढलेल्या. स्पर्धा परीक्षांसाठी गावोगावहून आलेली मुले इथे राज्यघटनेची कलमे पाठ करतात, आणि मतदानाच्या दिवशी, नाव गावच्या यादीत असल्यामुळे, गावी तरी जातात किंवा खोलीवर स्वस्थ बसतात. ७ मे २०२४ रोजी, चैत्राच्या अखेरच्या रणरणत्या उन्हात भोपाळने लोकसभेसाठी मतदान केले, तेव्हा मतदारांनी घराबाहेर पडावे म्हणून प्रशासनाने सोडतीत हिऱ्याच्या अंगठ्याही ठेवल्या होत्या. परंतु आईबापांचे बोट धरून केंद्रावर येणाऱ्या मुलाला हिऱ्याचे काय? त्याला हवी असते ती शाई! म्हैसूरच्या कारखान्यातून १९६२ पासून येणारी, सिल्व्हर नायट्रेटची, उन्हात अधिकच काळवंडणारी ती रेघ आईच्या डाव्या तर्जनीवर उमटली, की मूल ती आपल्या अंगठ्याने चोळून पाहते, थुंकी लावून पुन्हा चोळते, आणि जात नाही असे पाहून स्वतःचे बोट टेबलाकडे पुढे करते.

भोपाळात असे मूल घेऊन केंद्रावर येणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाचे मूळ शोधू जावे, तर ते कित्येकदा १९५६ सालात सापडते. कारण मध्य प्रदेशाची नवी घडण झाली आणि राजधानीचा मान नागपूरकडून भोपाळकडे आला, तेव्हा दप्तरांबरोबर मराठी कारकूनही इथे आले, आणि त्यांची नातवंडे-पतवंडे आज घरात मराठी व रांगेत हिंदी बोलतात. त्या रांगेत मुलाला एक नवल दिसते: घरात ज्यांचा शब्द खाली पडत नाही, ते बाबा रोजच्या भाजीवाल्याच्या मागे मुकाट्याने उभे आहेत, आणि पुढे घुसण्याची त्यांना सोय नाही. पण त्याहून मोठे नवल पुढेच असते. पुठ्ठ्याच्या आडोशामागे आई एकटी जाते, यंत्राची लांब शिटी वाजते, आणि बाहेर आल्यावर मूल विचारते, "कुणाला दिलंस गं?"

"ते सांगायचं नसतं."

"बाबांनापण नाही?"

"बाबांनापण नाही."

माझ्या मते त्या दिवसाचे सारे शिक्षण या दोन उत्तरांत आहे. रांग, ओळखपत्र, शिक्का-सही हे सोपस्कार मुलाला रेशनच्या दुकानातही पाहायला मिळतील. परंतु ज्या आईची प्रत्येक गोष्ट आपल्या मालकीची असे ते समजून चालले होते, त्या आईपाशी कोणाच्याही वाट्याला न येणारा, खुद्द बाबांनाही न विचारता घेतलेला एक निर्णय असतो, हे त्याला प्रथम इथे कळते.

हे कळणे वाटते तितके जुने नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार होत असता असंख्य स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको एवढीच ओळख दिली, आणि मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या अमदानीत अशा सुमारे २८ लाख नोंदी, प्रामुख्याने बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्य भारत या प्रांतांतल्या, यादीतून वगळल्या गेल्या. यांतले शेवटचे दोन प्रांत पुढे याच मध्य प्रदेशात विलीन झाले. म्हणजे ज्या भूमीत मुलाच्या नावाआड राहिल्यामुळे आईचे मत गेले, त्याच भूमीत आज आई मुलाला घेऊन येते आणि यादीत आपले स्वतःचे नाव त्याच्यादेखत उच्चारून घेते.

तेव्हा चालत्या मुलासाठीही नियमात जागा करावी, अशी मागणी कोणी केली, तर मी तिच्यावर सही करणार नाही. आडोशाशी दोन डोळेही जास्त नकोत, मग ते आपल्या लेकराचे का असेनात. कारण कधी काळी त्याच लेकराला, कोणाची भीडमुर्वत न बाळगता, तिथे एकट्याने उभे राहायचे आहे. आईबापांनी त्याला दारापर्यंत न्यावे, रांगेत ताटकळू द्यावे, आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र घरी गेल्यावरही देऊ नये.