चौलचे खापर, कार्ल्याचा खांब

यंदा दिवाळीच्या सुट्टीत नागावला जायचे ठरले, तेव्हा घरात प्रत्येकाचा बेत वेगळा होता. मुलांना समुद्र, यांना दुपारची झोप, सासूबाईंना चौलचा रामेश्वर. आणि मला? मला एका चुकीचे प्रायश्चित्त घ्यायचे होते!

त्याचे असे झाले. मी अर्धवेळ शिक्षिका. सहावीला इतिहास शिकवते. सहामाहीपूर्वी एका मुलीने विचारले, "बाई, यवन म्हणजे कोण हो?" ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढलेली मी. पटकन बोलून गेले, "मुसलमान." तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने मान खाली घातली. ती का, ते माझ्या तास संपल्यावर ध्यानात आले.

रात्री कुकर लावतानाही ती खाली घातलेली मान डोळ्यांपुढून हलेना. शेवटी माळ्यावरची बी.ए.ची वही काढली. तिच्यात माझ्याच अक्षरात लिहिलेले : यवन म्हणजे मूळचे ग्रीक. आयोनिया प्रांतावरून 'योन', 'यवन'. अशोकाच्या शिलालेखांतही हे योन आहेत. इस्लाम सातव्या शतकातला, म्हणजे अशोकानंतर जवळजवळ नऊशे वर्षांनी! मुसलमानांना हा शब्द चिकटला तो फार पुढे. हे सारे मला एकेकाळी येत होते. फोडणी-डब्यांच्या वर्षांत कुठे सांडले कोण जाणे!

त्याच वहीत चौलचे नाव होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या पुस्तकात आपल्या किनाऱ्यावरची बंदरे दिली आहेत. त्यांतले 'सेमिल्ला' म्हणजे आपले चौल. दुसऱ्या शतकात टॉलेमीनेही ते नोंदवले. इजिप्तच्या बंदरांतून जुलैच्या सुमारास गलबते सुटायची, पावसाळी वाऱ्यावर इकडे यायची आणि थंडीतल्या उलट्या वाऱ्याने परत जायची. म्हणजे आपल्याकडचा ग्रीक-रोमन मुलूख नागावहून रिक्षाने अर्ध्या तासावर! मग काय, एक दिवस समुद्राला सुट्टी दिली.

सकाळी पोळीभाजीचा डबा घेऊन निघालो. आधी रामेश्वर. कौलारू देऊळ, पुढे भलीमोठी पुष्करणी. सासूबाई तृप्त झाल्या. मग रेवदंड्याचा किल्ला. पडक्या भिंती, चर्चचे अवशेष, उंच मनोरा. धाकटा ओरडला, "आई, हे रोमन?" नाही रे बाबा, हे पोर्तुगीज, सोळाव्या शतकापासूनचे. "मग रोमन कुठे?"

मैत्रिणींनो, इथेच माझी फजिती झाली. चौलमध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या, बांधलेली तळी आणि गाळाने भरत आलेली खाडी. दाखवायला एक खांब नाही! हे म्हणाले, "यासाठी समुद्र सोडला?" मला अगदी रडू आले.

वाडीच्या सावलीत डबा उघडला, तेव्हा मीच मनाशी विचार केला. रोमचे अवशेष दगडाचे, म्हणून उभे. इथे मात्र वस्ती कधी उठलीच नाही. सातवाहन गेले, शिलाहार आले, अरब व्यापारी आले, पोर्तुगीज आले. एकाच्या चुलीवर दुसऱ्याची चूल. या शतकाच्या सुरुवातीला आपल्या पुण्याच्याच डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इथे खणले, तेव्हा सातवाहनकाळातल्या वस्तीच्या खुणा आणि परदेशी मद्यकुंभांची खापरे मिळाली. दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे हे कुंभ. पश्चिमेकडून मद्य यायचे, इकडून तलम कापड आणि हस्तिदंत जायचे. पैठणचा अकीक आणि तेरचे कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात असे, हेही 'पेरिप्लस'मध्ये आहे.

आणि गंमत ऐका. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने तक्रार केली, की हिंदुस्थान, चीन आणि अरबस्तान मिळून दरसाल दहा कोटी सेस्टर्स एवढी रक्कम रोमकडून नेतात. कारण? चैन आणि बायका! हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तिथेही खापर बायकांच्याच डोक्यावर फोडलं होय!" सगळे हसलो. माझ्या जिवात जीव आला.

पण खांब बघायचा राहिलाच होता. म्हणून परतीच्या वाटेवर लोणावळा सोडल्यावर कार्ल्याला थांबलो. पायऱ्या चढून एकवीरेची ओटी भरली आणि शेजारच्या चैत्यगृहात शिरलो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे लेणे. आत रांगेने खांब, आणि त्यांतल्या काहींवर देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली. धेनुकाकट गावचे यवन! नावे मात्र आपल्याकडचीच : सिहधय, धम्म, यसवधन. परदेशी म्हणवून घेणाऱ्या माणसांनी आपली नावे घेतली, आपल्या डोंगरात बुद्धासाठी खांब दिले. त्या लेखांत 'दान' हा शब्द आजही तोच आहे, हे सांगितले तेव्हा सासूबाईंनी खांबाला हात न लावता लांबूनच नमस्कार केला.

तुम्ही जाणार असाल तर चौल आणि कार्ले एकाच दिवसात कोंबू नका. चौलला सकाळीच जा. टोपी, पाणी आणि घट्ट चपला हव्यात. मुलांना आधीच सांगा की चौलला डोळ्यांपेक्षा गोष्ट जास्त लागते. जुनी खापरे दिसलीच तर उचलू नका; जागेवरून हलली की ती मुकी होतात. लेण्यात मुलांना खांबांवर नखाने नावे कोरू देऊ नका.

शाळा उघडली. पहिल्याच तासाला फळ्यावर 'यवन' लिहिले आणि म्हणाले, "मुलींनो, मागे मी चुकीचे सांगितले होते." वर्ग एकदम शांत. मग चौल, गलबते, कार्ल्याचे खांब, सगळे सांगितले. तास संपल्यावर तिसऱ्या बाकावरची मुलगी टेबलापाशी आली. म्हणाली, "बाई, ते खांब मला बघायचेत."

आता सहामाहीनंतरची सहल कार्ल्याला न्यावी म्हणून मुख्याध्यापिकाबाईंकडे अर्ज दिला आहे.